तालुक्याने भाड्याने घेतलेला घोडा

हिवाळा सरत आला की ग्लासगोत घोड्यांचे एक प्रदर्शन भरायचे. त्यात घोडी नसे, शिंगरू नसे, नांगराला जुंपायचा खच्ची घोडाही नसे. असत ते फक्त वळू घोडे. आयाळ विंचरलेली, शेपूट बांधलेली, घोट्यांवरचे लांब केस धुऊन पांढरेशुभ्र केलेले. स्कॉटलंडच्या निरनिराळ्या भागांतून शेतकरी मंडळांच्या समित्या या प्रदर्शनाला येत. दोन-चार जाणती माणसे, ज्यांच्या नजरेवर गावकऱ्यांचा विश्वास आहे अशी. ती घोड्याला चालवून बघत, दुडकी घ्यायला लावून बघत, खूर उचलून तळवा तपासत, श्वासाचा आवाज ऐकत. मग मालकाशी बोलणी सुरू होत. मात्र ही बोलणी विकत घेण्याची नसत. मंडळाला तो घोडा एका हंगामापुरता हवा असे, आपल्या भागातल्या घोड्या फळवण्यासाठी.

या पद्धतीच्या लेखी नोंदी १८३७ पासून सापडतात. तिच्यातूनच क्लाइड्सडेल ही जगातल्या सर्वांत नामांकित ओढकामाच्या घोड्यांपैकी एक जात घडली. घोड्यांच्या पुस्तकांत या जातीचे श्रेय बहुधा पाच-सहा मोठ्या पैदासकारांना मिळते. त्यांची नजर थोर होती, यात शंका नाही. पण माझ्या मते खरे श्रेय त्या भाडेकराराचे आहे. दोन घोड्या बाळगणाऱ्या साध्या शेतकऱ्याच्या अंगणात देशातला अव्वल घोडा त्यानेच आणून उभा केला.

क्लाइड ही दक्षिण स्कॉटलंडमधली नदी. तिच्या वरच्या खोऱ्यात लॅनार्कशायरची शेती आणि खाली काठावर ग्लासगो शहर. अठराव्या शतकात या भागात दोन गोष्टी एकदम वाढल्या. जड जमीन नांगराखाली येऊ लागली आणि कोळशाच्या खाणी भराभर निघू लागल्या. नांगराला ताकद हवी होती, गाडीला त्याहून जास्त. इथले जुने घोडे पाठीवर ओझे वाहणारे, अंगाने बेताचे. म्हणून हॅमिल्टनच्या ड्यूकने फ्लँडर्समधून थोराड नर आणवले आणि आपल्या कुळांना ते घोड्यांवर लावू दिले, असे या जातीच्या इतिहासात सांगितले जाते. पुढे १८०८ साली लॅम्पिट्स नावाच्या शेतावर एक घोडी आली. तिच्या पोटी झालेला ग्लान्सर हा काळा नर जवळजवळ सगळ्या क्लाइड्सडेल घोड्यांच्या वंशावळीत कुठे ना कुठे सापडतो. १८२६ मध्ये ग्लासगोच्या एका प्रदर्शनात ‘क्लाइड्सडेल’ हे नाव प्रथम नोंदले गेले.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. त्याच्याकडे दोन किंवा चार घोड्या. त्यांनी नांगर ओढायचा, गाडी ओढायची आणि जमल्यास वर्षाआड एक शिंगरूही द्यायचे. एवढ्यासाठी घरी वळू पाळणे परवडत नाही. तो आठ-नऊशे किलोंचा, दाणावैरण भरपूर खाणारा आणि माजावर आलेल्या घोडीचा वास लागला की आवरायला कठीण. शिवाय एक धडधाकट नर हंगामात ऐंशी-शंभर घोड्यांना पुरतो. चार घोड्यांसाठी तो ठेवणे म्हणजे पैसा वाया घालवणेच. दुसरा मार्ग शेजाऱ्याचा कुठलाही नर फुकटात लावून घ्यायचा. पण शिंगराचे अर्धे रक्त बापाचे असते. वाकड्या पायाच्या नराने एका हंगामात पन्नास वाकडी शिंगरे दिली तर त्यांचे फळ गाव पुढची पंधरा-वीस वर्षे भोगतो. घोडीची चूक एका गोठ्यापुरती राहते, नराची चूक पंचक्रोशीत पसरते. पैदाशीच्या शास्त्रात नराच्या निवडीला इतके महत्त्व का, याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे.

आपल्याकडे ओढकाम बैलाचे, त्यामुळे हा प्रश्न वळूच्या रूपाने आला. गावचा वळू देवाच्या नावाने सोडलेला असे, कुणाच्याही शेतात चरे, त्याला कुणी काठी मारत नसे. सगळ्या गावाने मिळून एक नर पोसण्याचीच ती व्यवस्था होती, पण भक्तीवर उभी असलेली. स्कॉटिश शेतकऱ्याने तीच गरज कागदावर भागवली.

त्या कराराची घडण नीट समजून घेण्यासारखी आहे. मंडळ घोड्याच्या मालकाला एक ठरावीक रक्कम देई. हे पैसे वर्गणीतून आणि बड्या जमीनदारांच्या देणग्यांतून उभे राहत. त्याबदल्यात घोडा अमुक महिने याच भागात फिरेल, बाहेरच्या घोड्यांना लावला जाणार नाही, हे बंधन मालकावर येई. किमान इतक्या घोड्या मिळतील, अशी हमी मंडळ देई. त्यापुढे दर घोडीमागे फी, आणि ती दोन भागांत. थोडी रक्कम घोडा लावतेवेळी द्यायची, उरलेली घोडी गाभण राहिल्याचे कळल्यावर. घोडी रिकामी राहिली तर दुसरा भाग नाही. घोड्याला सांभाळत फिरणाऱ्या मोतद्दाराची बक्षिसी वेगळी. ती तो हातोहात घेई.

या दोन भागांच्या फीत मला खरे शहाणपण दिसते. घोडा दिसायला देखणा पण नापीक निघाला तर नुकसान मालकाचे, म्हणून मालक घोड्याला जपे आणि एका दिवसात त्याच्याकडून फार काम करवून घेत नसे. घोडी रिकामी राहिली तरी शेतकरी पहिल्या भागाला मुकतोच, म्हणून तोही तिला योग्य वेळीच दाखवी. मंडळाने हमी दिलेली असे, म्हणून समितीची माणसे नीट पारखूनच घोडा निवडत. तिघांचेही पैसे अडकलेले आणि तिघांनाही शिंगरू हवे. शेतीतल्या भागीदाऱ्या बहुतेक वेळा नफा कसा वाटायचा यावर मोडतात. इथे आधी धोका वाटून घेतला होता. चांगल्या घोड्यांना पुढे इतकी मागणी आली की मंडळे पुढच्या वर्षाचा करार आदल्या वर्षीच करून ठेवू लागली.

एप्रिल उजाडला की घोडा आणि त्याचा मोतद्दार वाटेला लागत. वाटेचा कागद छापलेला असे. घोड्याचे नाव, वंशावळ, फी आणि कोणत्या वारी कुठे मुक्काम. सोमवारी या खेड्यातल्या खाणावळीत, मंगळवारी त्या शेतावर, असे करत शनिवारी घोडा परत ठाण्यावर. घोडीचे काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी तिच्या मालकाची, हेही त्यावर छापलेले असे. दिवसाकाठी दहा-बारा मैलांची चाल. ऊन असो, पाऊस असो, मोतद्दार पायी आणि घोडा त्याच्या हाती. जुलैपर्यंत हे चाले.

दर आठवड्याला त्याच वारी त्याच दारात घोडा येण्यामागे घोडीच्या शरीराचे गणित होते. घोडी वर्षभर माजावर येत नाही. हिवाळ्यात तिचे चक्र बंद असते आणि वसंतात दिवस मोठा होऊ लागला की सुरू होते. चक्र साधारण एकवीस दिवसांचे, त्यातले पाच-सात दिवस ती नराला जवळ येऊ देते. बीज सुटते ते त्या दिवसांच्या अखेरीस. घोडा आठवड्याने येत असेल तर एकवीस दिवसांत तीन खेपा होतात आणि माजाचे दिवस सहसा हुकत नाहीत. पहिल्या खेपेला घोडीने लाथ दाखवली तर पुढच्या खेपेला बघायचे. घोडी फळवल्यानंतर तिसऱ्या आठवड्यातही तिला पुन्हा घोड्यासमोर आणायचे. तिने त्याला झिडकारले तर बहुधा गाभण राहिली. सोनोग्राफी नव्हती, रक्ततपासणी नव्हती, तेव्हा हीच परीक्षा. व्यालेली घोडी सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येते, म्हणून नुकते शिंगरू झालेल्या घरचा दिवस मोतद्दार पक्का ध्यानात ठेवी. गर्भ अकरा महिन्यांचा, त्यामुळे मे महिन्यात फळवलेली घोडी पुढच्या एप्रिलात, गवत कोवळे असताना विते. निसर्गाने दिवसाच्या लांबीवर घोडीचे चक्र बांधले ते याच वेळेसाठी.

आता अंगणात उभे राहून बघू. एका बाजूला जाड फळ्यांचे फाटक. घोडी फाटकाच्या अलीकडे, वळू पलीकडे. मोतद्दार त्याला नाकपुड्या लागतील इतका जवळ आणतो. घोडी तयार नसेल तर कान मागे टाकते, किंचाळते आणि फळीवर लाथ हाणते. मोतद्दार एकही शब्द न बोलता घोडा वळवून नेतो. तयार असेल तर मागचे पाय फाकवून उभी राहते, शेपूट बाजूला करते, लघवीच्या चिळकांड्या सोडते. मग तिच्या शेपटीला पट्टी गुंडाळतात, मागच्या पायांना दोर घालतात. आठ-नऊशे किलोंचा नर वर चढलेला असताना तिने लाथ झाडली तर दोघांपैकी एकाचा पाय जायचा. मोतद्दार बाजूला उभा राहून एकाच गोष्टीकडे बघत असतो, घोड्याच्या शेपटीकडे. ती तालात वर-खाली झाली की काम पुरे झाले. नाही झाली तर थोड्या वेळाने पुन्हा. त्या दिवसांतल्या घरंदाज रिवाजाप्रमाणे हे सगळे चालले असताना बाया-मुलांना घरात ठेवलेले असे. पुरुषमाणसे मात्र कामे सोडून जमत आणि घोडा पुढच्या शेताकडे निघाला की त्याच्या मागच्या पायांची चर्चा रात्रीपर्यंत पुरे.

ही चर्चा महत्त्वाची होती. वंशावळ छापील कागदावर कितीही लांब असो, घोडा रोज दहा मैल डोळ्यांसमोरून चालत होता. ज्याचे खूर ठिसूळ, सांधे कमजोर, तो जूनपर्यंत लंगडू लागे आणि सगळा तालुका ते बघे. घोड्याला गोठ्यात उभा करून दाखवता येते, चार महिन्यांच्या वाटेवर काही लपवता येत नाही. क्लाइड्सडेलचे खूर आणि पाय जगात नावाजले गेले त्याचे बरेचसे कारण मला या रस्त्यात दिसते. पुढे १९१८ साली ब्रिटनमध्ये कायदाच झाला. परवान्याशिवाय वळू घोडा गावोगाव फिरवायचा नाही, आणि मोतीबिंदू, घरघरणारा श्वास, खुराच्या वरची हाडे वाढणे अशा आनुवंशिक मानलेल्या दोषांचा घोडा पशुवैद्याने नाकारायचा. जाणकारांच्या समित्या जे काम डोळ्याने करत होत्या, ते सरकारने तक्त्यात बसवले.

घोडा भाड्याने देण्याची कल्पना स्कॉटलंडची एकट्याची नव्हे. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरच्या डिश्ली गावचा रॉबर्ट बेकवेल अठराव्या शतकातच आपले मेंढे आणि वळू घोडे हंगामापुरते भाड्याने देत असे. त्याचा हेतू चतुर होता. आपल्या नराची पिले अनेकांच्या शेतांवर वाढतात, मग कोणता नर खरोखर चांगला हे त्या पिलांवरून कळते आणि तो परत आपल्याकडे आणता येतो. विकलेला नर हातचा जातो, भाड्याने दिलेला परीक्षा देऊन परत येतो.

करार कसा असू नये याचे उदाहरण आपल्या उपखंडातही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारला सैन्यासाठी घोडे हवे होते. पंजाबात झेलमच्या कालव्याखाली आलेली नवी जमीन देताना सरकारने शाहपूरच्या भागात अट घातली की जमीन मिळेल, पण मान्य केलेली एक घोडी पाळली पाहिजे, तिला सरकारी नर लावून घेतला पाहिजे आणि जमीन वारसांत वाटता येणार नाही, एकाच वारसाकडे गेली पाहिजे. या शेतकऱ्यांना घोडीपाल म्हणत. घोडी मेली, रिकामी राहिली, पसंतीला उतरली नाही, तर टांगती तलवार शेतकऱ्याच्या जमिनीवर. धोका सगळा एका बाजूला आणि घोडा निवडण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला. नर दोन्हीकडे चांगलेच होते. पण स्कॉटिश शेतकरी त्या घोड्याची वाट बघे आणि पंजाबी शेतकरी त्याच्या फेऱ्याला कंटाळे. मला हा फरक जातींच्या इतिहासाइतकाच मोलाचा वाटतो.

क्लाइड्सडेल हॉर्स सोसायटी १८७७ मध्ये स्थापन झाली आणि वंशावळींच्या नोंदी छापल्या जाऊ लागल्या. तोवर लोक घोडा ओळखत ते त्याच्या मालकाच्या नावाने. आता प्रत्येकाला नंबर मिळाला. त्या वह्यांत दोन नावे पुन्हा पुन्हा दिसतात. १८६६ साली जन्मलेला प्रिन्स ऑफ वेल्स, नंबर ६७३, आणि १८७२ साली जन्मलेला डार्नली, नंबर २२२. एकाची चाल डौलदार, दुसऱ्याचे पाय आणि खूर उत्तम. एकाच्या मुलांना दुसऱ्याच्या मुली, असा जोड पैदासकारांनी वर्षानुवर्षे लावला आणि आज डोळ्यांपुढे येणारा क्लाइड्सडेल त्यातून आकाराला आला. कपाळावर रुंद पांढरा पट्टा, चारही पाय पांढरे, उंची खांद्यापाशी पावणेसहा फुटांच्या आसपास, पाऊल इतके उचललेले की मागून खुराचा तळ दिसावा. वाददेखील झाले. प्रिन्स ऑफ वेल्सच्या रक्तात इंग्लंडच्या शायर घोड्यांचा अंश आहे, असे लॉरेन्स ड्रू या नामवंत पैदासकाराचे म्हणणे होते. शायर रक्ताला मज्जाव नको म्हणून त्याने आणि सहकाऱ्यांनी १८८३ मध्ये वेगळी संस्था काढली. रक्त शुद्ध की घोडा चांगला, हा वाद प्रत्येक जातीच्या नोंदवहीत कधीतरी होतोच. ड्रूची बाजू मला पटते, कारण वही घोड्यासाठी असते.

या घोड्यांना पैसा किती आला ते बॅरन ऑफ बकलाइव्ही या नरावरून कळते. १९०० साली जन्मलेला हा घोडा एअरशायरमधल्या विल्यम डनलॉप आणि जेम्स किलपॅट्रिक या दोघांनी भागीदारीत ७०० पौंडांना घेतला. पुढे डनलॉप म्हणू लागला की किलपॅट्रिकचा हिस्सा मी विकत घेतला आहे, किलपॅट्रिक म्हणाला तसे काही ठरलेले नाही. भांडण कोर्टात गेले आणि थेट लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले. निकाल किलपॅट्रिकच्या बाजूने लागला आणि डिसेंबर १९११ मध्ये एअर शहरात हजारोंच्या गर्दीत घोड्याचा लिलाव झाला. बोली ९,५०० पौंडांवर थांबली. घेणारा डनलॉपच. तीन वर्षांनी, १९१४ मध्ये, एका घोडीच्या लाथेने बॅरनचा पुढचा पाय मोडला आणि त्याला मारावे लागले. अंगणातल्या त्या दोराची किंमत इतकी असते. त्याचा सांगाडा ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात आहे. त्याचा मुलगा डन्युअर फूटप्रिंट बापाइतकाच गाजला.

इथेच या पद्धतीचा उणा भाग दिसतो. जोवर मंडळे आपापल्या मातीला साजेसा घोडा निवडत होती, तोवर निरनिराळ्या भागांत निरनिराळे रक्त टिकत होते. पण प्रदर्शनात एकच घोडा पहिला येतो. त्याचा फोटो छापून येतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो, तो मिळाला नाही तर त्याचा भाऊ, नाहीतर मुलगा. परदेशी गिऱ्हाईकही त्याच घराण्यावर तुटून पडते. एकट्या १९११ साली १,६१७ नर ब्रिटनबाहेर गेले. १८८४ ते १९४५ या काळात २०,१८३ घोड्यांना निर्यातीचे दाखले मिळाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा, अमेरिका इथली गव्हाची राने या घोड्यांनी नांगरली. मागणी जितकी वाढली, तितके थोड्या नरांवर ओझे वाढले. वरून सगळे भरभराटीचे दिसत असताना आतून जातीचा पाया अरुंद होत गेला. चांगला नर सर्वांना मिळावा म्हणून उभारलेल्या व्यवस्थेने शेवटी सर्वांना एकाच नराचे नातलग दिले.

मग युद्धे आली आणि ट्रॅक्टर आला. पहिल्या महायुद्धात सैन्याने शेतांवरून घोडे उचलले. दुसऱ्या महायुद्धानंतर घोड्यांना कामच उरले नाही. इंग्लंडमध्ये १९४६ साली क्लाइड्सडेलचे परवाना असलेले दोनशेवर नर होते, १९४९ मध्ये ऐंशी. तीन वर्षांत ही घसरण. घोडी नांगराला नको झाली की तिच्या शिंगराचीही गरज उरत नाही, आणि शिंगरू नको तर भाड्याचा घोडा कुणासाठी बोलवायचा? १९७५ मध्ये दुर्मीळ जातींसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश संस्थेने क्लाइड्सडेलची गणना धोक्यातल्या जातींत केली. जंगली प्राणी संपतो तेव्हा आपण हळहळतो. पाळीव जात संपताना तेवढे लक्ष जात नाही, कारण घोडे दिसत असतातच. पण ज्या जातीच्या मागे दीडशे वर्षांची पारख आहे, ती गेली तर पुन्हा उभी करता येत नाही, आणि म्हणून मला हे नुकसान फार मोठे वाटते.

जात तगली ती थोड्या हट्टी घराण्यांमुळे आणि परदेशी गेलेल्या रक्तामुळे. अमेरिकेत १९३३ पासून एका बिअर कंपनीच्या गाडीला क्लाइड्सडेल जुंपले जातात, त्यामुळे तिथल्या लहान मुलांनाही ही जात नावाने माहीत आहे. आज ब्रिटनमध्ये वळू गावोगाव चालत जात नाही. घोडीच गाडीत घालून नराकडे नेली जाते, किंवा थंड केलेले रेत डब्यातून येते आणि पशुवैद्य सोनोग्राफीवर बीज पिकल्याचे पाहून ते सोडतो. फाटकाची फळी अजून आहे, कारण घोडी माजावर आहे की नाही हे यंत्राआधी नराला कळते. पैदासकार दोन नातलगांचा जोड लावण्याआधी संगणकावर त्यांचे समान पूर्वज मोजतात आणि दूरचे रक्त शोधतात. फीचे कागद आता वकिलांनी लिहिलेले असतात. पण पुष्कळ करारांत रक्कम अजून दोन भागांतच ठरते. पहिला भाग घोडी फळवताना, दुसरा शिंगरू जिवंत जन्मून पायावर उभे राहिल्यावर.